खिंडीच्या काठावर कांबळे सिस्टर

कांबळे सिस्टरना खोटं बोलता येत नाही, असं आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळेच म्हणायचे. त्यात कौतुकापेक्षा तक्रार जास्त असायची.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि मी बरोबर त्यांच्या वर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी पुण्याला. पुरुषांच्या जनरल वॉर्डात सगळी नोकरी गेली, त्यामुळे आवाज कायमचा वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल एवढा. सकाळी त्यांची बुद्धवंदना सुरू झाली की मी गॅसवर दूध ठेवायची. घड्याळाची गरज नव्हती. बोलणं अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायच्या.

सोसायटीच्या चेअरमननी नवे दात बसवले. जिन्यात भेटले, हसून म्हणाले, "सिस्टर, कसे दिसतात?"

"घोड्यावाणी दिसताय," सिस्टर म्हणाल्या. "पण चावता येतंय न्हवं? मग झालं की."

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण वरच्या मजल्यावरचे एक आजोबा आजारी होते तेव्हा त्यांच्या मुलानं सिस्टरना मुद्दाम बोलावून नेलं. नाडी बघून त्या बाहेर आल्या. त्यानं विचारलं, "बरे होतील ना बाबा?" आम्ही चारपाच जण तिथं उभे होतो. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

"न्हाय व्हायचे," त्या म्हणाल्या. "बहिणीला बोलवून घे. आजच्या आज."

मुलगा इतका भडकला की त्यानं त्यांना दार दाखवलं. पण बहिणीला फोन केला. ती आली, रात्रभर वडिलांजवळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तो मुलगा बरेच महिने सिस्टरशी बोलला नाही. मग एका सकाळी त्यांच्या दारात आंब्याची पेटी ठेवून गेला. बेल न वाजवता.

डोंगराचं वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. बाग जवळ होती. पण "गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल हाय व्हय?" म्हणून त्या एका रविवारी जोतिबाच्या डोंगराला गेल्या, पायथ्यापासून वरपर्यंत. मग पन्हाळ्याच्या मागच्या बाजूनं. मग लांब लांब. हळूहळू आम्ही त्यांच्या मागे लागलो. मी, माझा नवरा, अपार्टमेंटमधले आणखी काही, गल्लीतले दुकानदार काही. सलवार-कमीज, त्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, असा त्यांचा अवतार असे.

पावसाळ्यात सगळं कोल्हापूर डोंगरात जातं. सिस्टरना उन्हाळा आवडायचा. "उन्हाळ्यात डोंगराचं हाड दिसतं," त्या म्हणायच्या. "पावसात नुसता नटलेला असतोय. त्याला काय बघायचं?" भल्या पहाटे निघायचं आणि सावली पायात यायच्या आत खाली उतरायचं, हा त्यांचा कायदा. वाट कशी आहे याची त्यांना विलक्षण काळजी. मुरूम कुठं सुटा झालाय, टाक्यात पाणी आहे का, मधमाशांचं पोळं कुठल्या कड्याला लागलंय, हे पायथ्याच्या माणसांना विचारल्याशिवाय त्या पाऊल टाकायच्या नाहीत. वाळलेल्या गवताचा त्यांना राग होता. "हिरवं गवत पायाला धरतंय, वाळलेलं सोडतंय. आणि खालची जमीन झाकतंय ती येगळीच."

निघण्याआधी वॉर्डातल्यासारखी तपासणी व्हायची. जीभ काढून दाखवायची. नखं दाखवायची. मग सगळ्यांदेखत, त्या आवाजात, "लघवीला जाऊन आलास का? रंग कसा हुता? पिवळा आसंल तर हितंच अर्धी बाटली पी." पुरुष माणसं लाल होऊन दुसरीकडे बघायची. सगळ्यात जास्त लाल व्हायचे सुकुमारअण्णा.

सुकुमार मगदूम आणि त्यांचा धाकटा भाऊ अजित यांचं आमच्या कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान. जैन घर, चार पिढ्या कोल्हापुरात. अण्णा जाडजूड, हसतमुख, कुणाशीही वाद न घालणारे. अजित सडपातळ आणि तापट. वडील लवकर गेल्यामुळे अण्णांनीच त्याला वाढवलेलं, आणि चाळिशीचा झाला तरी तो अण्णा सांगतील तसंच वागायचा. सिस्टर दोघांनाही अरे-तुरे करायच्या. डोंगरावर जेवायला बसलो की त्यांच्या पिशवीतून एक वेगळी डबी निघायची. "सुकुमार, ही तुमची दोघांची. हिला लसणाचा वास बी लागलेला न्हाय." शेंगदाण्याची ती चटणी अण्णा बोटानं पुसून खायचे.

माघारी फिरायला सिस्टरना काहीच वाटायचं नाही. एकदा पठारावरच्या मंदिराचा कळस समोर दिसत असताना त्या थांबल्या. वारा फिरला होता आणि जळक्या गवताचा वास येत होता. धूर कुठंच दिसत नव्हता. "चला खाली," म्हणाल्या. दोघी-तिघी चिडल्या. एवढं चढून आलो, समोर तर आहे. सिस्टरनी ऐकलं नाही. खाली आलो, गावात बसून चहा प्यालो, तरी वणवा काही त्या बाजूला आला नाही. परतताना गाडीत कुणीतरी ते बोलून दाखवलं.

"जळलो आसतो तर पटलं आसतं व्हय?" सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हे सगळं सांगायचं कारण, त्या दिवशी जे झालं ते अशा बाईच्या हातून झालं.

गगनबावड्याच्या अंगाला शेजारी शेजारी दोन सुळके आहेत. पायथ्याच्या वाडीतले लोक एकाला थोरला सुळा म्हणतात, दुसऱ्याला धाकटा. दोन्हींच्या मध्ये एक खिंड आणि खिंडीच्या कडेनं बकऱ्या जातील एवढी वाट. दर मे महिन्यात आम्ही थोरल्यावर चढायचो, खिंड ओलांडून धाकट्यावर जायचो आणि पलीकडून उतरायचो.

त्या वर्षी वाडीत पोचलो तेव्हा एक म्हातारी टोपलीत करवंदं घेऊन बसली होती. सिस्टरनी विचारलं, "मावशी, वाट कशी हाय?"

"थोरल्याची हाय की नेहमीसारखी. खिंडीतली गेल्या पावसात खचलीया म्हणत्यात. मी काय गेलो न्हाय."

सिस्टरनी तिथंच जाहीर करून टाकलं, आज फक्त थोरला. ज्या वाटेनं चढायचं त्याच वाटेनं उतरायचं. अजितनं जरा कुरकूर केली. अण्णा म्हणाले, "सिस्टर म्हणत्यात न्हवं, झालं तर मग."

चढ कोरडा ठणठणीत होता. मुरूम गोळ्यांसारखा पायाखालून निसटत होता, गवत पिवळं पडून उताराच्या दिशेनं झोपलेलं. अर्ध्या वाटेवरचं टाकं आटून तळाला हिरवी पापडी धरली होती. सिस्टर प्रत्येक वळणाला टाच दाबून बघत होत्या, मग मागच्यांना यायला सांगत होत्या. ऊन चढायच्या आत आम्ही माथ्यावर होतो. पोहे खाल्ले, फोटो काढले.

मग अण्णा उठले. "सिस्टर, खिंड किती खचलीया तेवढं बघून येतो. पुढं जात न्हाय."

"काठाला जाऊ नकोस."

"न्हाय वो."

माथ्यावरून खिंड दिसत नाही. मध्ये डोंगराचा खांदा आडवा येतो. अण्णा खांद्यापलीकडे गेले. थोड्या वेळानं टिप्परमधून मुरूम ओतल्यासारखा आवाज आला. ओरडणं नाही, हाक नाही. फक्त तो आवाज, आणि मग खांद्यामागून लाल धूळ वर आली.

आम्ही पळालो. वाट जिथं असायची तिथं वाट नव्हतीच. डोंगराचा एक घास कुणी काढून घेतल्यासारखी ती जागा दिसत होती. वरून वाळलेलं गवत तसंच पुढं लोंबत होतं आणि त्याच्याखाली पोकळ. अण्णा काठाला गेले नव्हते. ते ज्याला जमीन समजून उभे राहिले तो काठच होता.

आमच्या बाजूला एक पक्का कातळ होता. सिस्टर त्याच्यावर पालथ्या झोपल्या आणि सरकत सरकत डोकं पुढं नेलं. "वैशाली, माझं पाय धर," मला म्हणाल्या. मी त्यांचे घोटे धरून मागे बसले. मला खालचं काही दिसत नव्हतं. त्यांच्या बुटांचे तळवे दिसत होते, खाचांत अडकलेले मुरमाचे खडे दिसत होते.

"सुकुमार," त्यांनी हाक मारली. मग काही वेळ गप्प. मग, "हाय. हाय तिथं. दोन मजलं खाली एका दगडावर अडकलाय. बोलतोय."

अजित पुढं झेपावला. सिस्टर मागे सरकल्या, उठून बसल्या आणि त्याच्या सणसणीत थोबाडीत दिली. मी त्यांना आधी कधी कुणावर हात उचलताना पाहिलं नव्हतं.

"तू उतरलास तर तुझ्या पायाखालचं धोंडं त्याच्या टाळक्यात पडतील. आणि तू त्याच्या बी खाली जाशील. दोर येईस्तोवर कोण बी हलायचं न्हाय." मग माझ्या नवऱ्याकडे आणि दुसऱ्या एकाकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्या अंगावर बसा. सोडू नका."

दोघं जण मोबाईलला रेंज मिळते तिथं माथ्यावर गेले, तिथून पुढं वाडीकडे. कोल्हापुरातल्या गिर्यारोहक पोरांना फोन झाला. ते यायला वेळ लागणार होता. वाडीतले लोक दोर घेऊन चढायलाही वेळ लागणार होता. ऊन तर आलेलंच होतं, आणि तिथं झाड म्हणून नव्हतं.

सिस्टर परत पालथ्या पडल्या आणि बोलायला लागल्या.

"पायाची बोटं हलीव बघू. हां. दुसऱ्या पायाची? बरं, ऱ्हाऊ दे. पोटात दुखतंय? कुठं, उजवीकडं का डावीकडं?... तोंडावर हाताची सावली धर. डोळं मिटू नकोस, माझ्याकडं बघ."

अण्णांचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. सुरुवातीला एकदोनदा काहीतरी पुटपुटल्यासारखं मला ऐकू आलं, एवढंच. अजित मागे जमिनीला दाबून धरलेला, तो सारखं विचारत होता, "काय म्हणतोय? काय म्हणतोय अण्णा?" आणि सिस्टर मान न वळवता सांगत होत्या.

मग त्यांनी आमच्या ओढण्या आणि टॉवेल मागून घेतले, गाठी मारल्या, टोकाला पाण्याची बाटली बांधली आणि खाली सोडली. हात जेवढा पुढं जाईल तेवढा ताणला. त्यांचे घोटे माझ्या हातातून पुढं सरकत होते. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "धरली. धरली त्यानं. कपडा बी ऱ्हाऊ दे त्याच्याकडं, डोक्यावर घेईल." आणि हात रिकामा मागे आला. "पी. दोनच घोट पी. बास."

मागे अजित पहिल्यांदाच रडला. आम्हा सगळ्यांच्याच जिवात जीव आला. पाणी मिळालं, सावलीला कपडा मिळाला, आता फक्त दोर यायचा होता.

सिस्टर बोलतच होत्या. दुकानाचं विचारत होत्या. कुठल्या खिळ्यांना जास्त गिऱ्हाईक असतंय, पोरगी कितवीला गेली. मध्ये थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, "व्हय की" म्हणायच्या. एकदा तर हसल्या. "अजित, तुझा भाऊ म्हणतोय, दुकानाची किल्ली गाडीत ऱ्हायलीया." अजित रडता रडता हसला आणि गप्प पडून राहिला. ऊन डोक्यावर आलं, कातळ तापला, माझे तळहात भाजत होते. त्यांच्या शर्टाची पाठ भिजून सुकली होती आणि मिठाचे पांढरे डाग उमटले होते. आवाज चिरकला, मग बसला, मग नुसती घरघर राहिली. तरी त्या बोलत होत्या.

वाडीतले लोक आणि ती पोरं जवळजवळ एकदमच आली. मग सगळं भराभर झालं. कातळाला दोर बांधले, एक तरुण कमरेला पट्टा बांधून उतरला. आम्ही सगळे वर वाकून थांबलो होतो. अजितला आता सोडलं होतं.

खालून त्या तरुणाचा आवाज आला. मोठा नव्हता.

"गेल्यात ओ हे. लई वेळ झालाय. हात ताठ झालाय."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या कातळावर तशाच पालथ्या पडलेल्या होत्या, तोंड दगडाला टेकवून. मला आधी वाटलं, त्यांनाही हे आत्ताच कळलं. मग माझ्या लक्षात आलं की इतका वेळ त्यांचे डोळे अण्णांवरच होते. एका नर्सचे डोळे.

"तुम्ही आत्ता त्याच्याशी बोलत हुता," अजित म्हणाला. "आत्ता. किल्लीचं सांगितलंसा मला."

सिस्टरनी मान वर केली. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

कोल्हापुरात पुढं बरंच बोललं गेलं. नर्स असून खाली उतरली नाही. भावाला धरून ठेवलं. मेलेल्या माणसाशी गप्पा मारल्या, आणि ह्यांना म्हणे खोटं बोलता येत नाही. सिस्टर मगदूमांच्या घरी गेल्या तेव्हा मी बरोबर होते. अण्णांच्या बायकोनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. अजित भिंतीकडे तोंड करून बसला तो आम्ही निघेपर्यंत वळला नाही. सिस्टरचा आवाज बरेच दिवस परत आला नाही, आणि आला तो वेगळाच आला. सकाळची वंदना मला वर ऐकू येईनाशी झाली. डोंगराला कुणीच गेलं नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा अजित आला. वाळला होता. चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"एकच विचारायला आलोय. अण्णा कवा गेला?"

सिस्टरनी त्याला खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

"तू रडलास न्हवं, पाणी मिळालं म्हणून. त्याच्यानंतर थोड्या येळानं."

"मग पुढचं सगळं?"

"तुला सांगत हुतो."

अजितनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी उतरलो आसतो. खरं हाय. दोघांनी काय, चौघांनी धरलं आसतं तरी उतरलो आसतो." मग डोळे पुसून म्हणाला, "जाताना पाणी तरी मिळालं त्याला. घरात आई तेवढंच म्हणती सारखी. पाणी मिळालं माझ्या लेकराला."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. "दोन घोट पिला. आणि तू वर हायस का म्हणून विचारलं. हाय म्हटलं. बरं म्हणाला."

अजित गेला. त्याच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. सिस्टर उठल्या, दार लावलं, आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"कपडा पुरला न्हाय गं," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर हातभर लोंबकळत हुती बाटली. हात वर करायचा, लागायची न्हाय. परत करायचा. म्हटलं, सोडून देतो, मांडीवर पडंल. दगडावर आपटून खाली गेली कपड्यासकट." त्यांनी पदरासारखं शर्टाचं टोक हातात धरलं होतं. "तो दुसरं कायबी बोलला न्हाय. पाणीच मागत हुता."

माझी ओढणी कुठं गेली, हे मला तोपर्यंत एकदाही सुचलं नव्हतं. अण्णांना वर काढलं तेव्हा त्यांच्याजवळ ना बाटली होती ना कपडा, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मी उठले. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. त्यांनी आत जाऊन भाजी चिरायला घेतली.

मुलीनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. खिडकीची जागा मिळाली, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. अजित धावत आला, घामानं भिजलेला. दुकान उघडं टाकून आला होता. गर्दीतून वाट काढत बसमध्ये चढला आणि पाया पडायला त्यांच्यासमोर वाकला.

सिस्टरनी दोन्ही पाय झटक्यात सीटखाली मागं ओढून घेतले. अजितचे हात बसच्या पत्र्यावर टेकले. तो तसाच वाकलेला राहिला, बहुधा गर्दीत त्यांचा पाय कुठं गेला असं समजून चाचपत.

"गाडी सुटतीया," त्या म्हणाल्या. "उतर की आता."